रिकाम्या चिखलाची आखणी

खाडीतल्या त्या खुंट्या मी हलवल्या. हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मंडळात नाही, आणि ज्याला ते ऐकायची सगळ्यात जास्त गरज होती त्याला तर नाहीच. आता लिहितोय त्यामागेही काही थोर कारण नाही. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी अण्णांनी खाडीच्या दौऱ्याचं छानसं प्रवासवर्णन मागितलंय. ‘‘दोन पानं लिही. निसर्ग टाक, जेवणाचं टाक, फोटो मी देतो,’’ असं म्हणाले. निसर्ग टाकतो, जेवणाचंही टाकतो. पण खुंट्यांवाचून या प्रवासाला सुरुवातच होत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आमचं मंडळ नाशकातल्या सकाळी फिरणाऱ्यांचं. फिरता फिरता आम्ही टेकड्यांवर झाडं लावायला लागलो आणि त्यातली बरीचशी जगली, त्यामुळे आम्हाला आत्मविश्वास आला. दिलीपअण्णा अध्यक्ष. निवृत्त बँक मॅनेजर, आवाज मोठा, मन त्याहून मोठं, ऐकू मात्र स्वतःचंच जास्त येतं. माझं नाशकातच, द्वारका चौकात, ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे, आणि मी द्राक्षबागांची आखणी करून देतो. दोरी ताणायची, खुंट्या ठोकायच्या, ओळ अशी धरायची की एका टोकाला उभं राहिलं तर शेवटपर्यंत एकच झाड दिसावं. त्यामुळे मंडळात दोरी आणि खुंट्या हे खातं माझ्याकडे.

दोनेक वर्षांपूर्वी अण्णांच्या मनात आलं, की नाशिकने समुद्रासाठी काहीतरी करावं. वैतरणा आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात उगवते, म्हणजे ती जिथे समुद्राला मिळते ती खाडी नात्याने आपलीच, असं त्यांचं म्हणणं. खाडीचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंचा सल्ला घेतला. त्या म्हणाल्या, झाडं लावूच नका. गावामागे जुना मातीचा बांध आहे, त्यातली उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी आत-बाहेर करायचं दार, बुजून गेलंय. ते मोकळं करा. खारं पाणी आत खेळायला लागलं की कांदळवन आपलं आपण येईल. हा सल्ला मंडळात कुणालाच रुचला नाही. एक दार उघडायला दोन बसगाड्या भरून माणसं कशी न्यायची? शेवटी तडजोड झाली. उघाडीचं नंतर बघू, आधी बांधामागे थोडी रोपं लावू. बाईंनी नाइलाजाने जागा दाखवली.

आदल्या दिवशी मी आखणीला गेलो. सोबत नरेश होता, त्याच गावचा, माझ्याच वयाचा कोळी. मंडळाने त्याला रोपांच्या राखणीला नेमलं होतं. बांधामागची जागा पाहिली आणि मी दोन पावलं मागे सरलो. मांडीपर्यंत काळा गाळ, कुजक्या अंड्यांसारखा वास, आणि तिथवर जायला फूटभर रुंदीची निसरडी वाट. अण्णांचा गुडघा नुकताच बदललेला. काकूमंडळी नव्या साड्या नेसून येणार. पाहुणे येणार. याउलट जेट्टीला लागून ओहोटीत उघडा पडणारा चिखल कसा सपाट, चकचकीत, आणि मुख्य म्हणजे रिकामा. आमच्याकडे रिकामी जमीन म्हणजे उजाड जमीन. तिच्यावर झाड दिसलं नाही की आमचे हात शिवशिवतात. मी नरेशला म्हणालो, ‘‘बाईंशी बोललोय. जेट्टीशीच लावायचं ठरलंय.’’ बाईंशी मी एक अक्षर बोललो नव्हतो; मंडळालाही मी तेच सांगितलं, आणि बाई कार्यक्रमाला आल्याच नाहीत. आम्ही खुंट्या उचलल्या, जेट्टीजवळ ठोकल्या, आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रम दणक्यात झाला. अण्णांच्या गुडघ्याला चिखलाचा थेंब लागला नाही.

वर्षाच्या आत बहुतेक रोपं मेली; तो चिखल भरतीत फार वेळ पाण्याखाली राहायचा, तिथे ती जगणं शक्यच नव्हतं. बैठकीत कारण शोधायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘राखण नीट झाली नसेल.’’ ‘निघून गेलं’ असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलोय. खरं म्हणजे घरून ठरवून गेलो होतो. नरेशचं काम गेलं, आणि मंडळाच्या पत्रकात छापून आलं की स्थानिक राखणदाराच्या निष्काळजीपणाने रोपं दगावली. ते पत्रक अण्णांनी मोठ्या उत्साहाने सगळीकडे पाठवलं, नरेशच्या गावातही.

द्वारका ते जव्हार

यंदा थंडीत अण्णांचा फोन आला. ‘‘सुभाष, दुसरा टप्पा! उरलेला सगळा चिखल भरून काढायचा. रोपं सांगून ठेवलीत. तू आणि मी जाऊन आखणी करून येऊ.’’

मी हो म्हणालो. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

अण्णांनी गाडी माझ्या दुकानासमोर, द्वारकेच्या चौकात, अशी उभी केली की मागे सगळ्या दिशांचा नाशिक जिल्हा हॉर्न वाजवू लागला. मी घाईघाईने खुंट्यांचं पोतं डिकीत टाकायला गेलो तर तिथे आधीच नायलॉनची दोरी, गुंडाळलेला फलक, एक शाल आणि एक नारळ. शाल आणि नारळ अण्णांच्या गाडीत कायम असतात. वाटेत कुणाचा सत्कार करायची वेळ येईल ते सांगता येत नाही, असं ते म्हणतात. आणि येतेच ती वेळ. एकदा पंक्चर काढणाऱ्याचा झाला होता.

त्र्यंबकपुढे घाट सुरू झाला तसे अण्णा भूगोल सांगू लागले. या धारेच्या अलीकडे पडलेलं पाणी गोदावरीने पार पूर्वेच्या समुद्राला जातं आणि पलीकडे पडलेलं वैतरणेने जवळच्या समुद्राला. जवळचा समुद्र सोडून लांबच्या समुद्राला जाणारी नदी आम्ही गंगा म्हणून पुजतो, आणि जवळ जाते तिला घोटीच्या अंगाला धरणं बांधून अडवतो. उरलंसुरलं पाणी खाली खाडीला. हे मी अण्णांना म्हणालो नाही. गाडी त्यांची होती.

‘‘तो राखणदार काय नाव त्याचं, तो असेल ना गावात?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘नरेश. असेल.’’

‘‘चार शब्द सुनावावे लागतील. प्रेमानेच. पण सुनावावे लागतील. काय?’’

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मोखाड्याकडचे डोंगर, पेंढ्याच्या गंज्या, आणि पाण्याचे हंडे डोक्यावर घेतलेल्या बायका. बघण्यासारखं बरंच होतं, म्हणून मी बराच वेळ बघत राहिलो.

जव्हारला न्याहारीला थांबलो. अण्णांनी मिसळ मागितली. नाशिककर घाट उतरला तरी मिसळ मागतो आणि मग तिला नावं ठेवतो, हा आमचा प्रवासातला कुळधर्म. हॉटेलवाल्या बाई म्हणाल्या, ‘‘मिसळ हाय, पन तुमच्यावानी तर्री नाय. नागलीची भाकर न् उडदाची डाळ खावा, ती आमच्यावानी हाय.’’ आम्ही ती खाल्ली. काळसर भाकरी, दाट डाळ, वर ठेचलेली मिरची. अण्णा दोनदा डाळ घेऊन म्हणाले, ‘‘छान आहे, पण मिसळ नाही.’’

जेट्टी

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी आमच्यामुळे पुरेसं सोसलंय.

आम्ही पोहोचलो तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली होती. जेट्टीच्या पायऱ्यांवर पाणी थापट्या मारत होतं, होड्या डोलत होत्या, आणि ज्या चिखलाची आखणी करायला आम्ही आलो होतो तो कुठेच नव्हता. अण्णा कमरेवर हात ठेवून उभे.

‘‘जागा कुठे गेली रे?’’

‘‘भरती आहे अण्णा. पाण्याखाली आहे.’’

‘‘मग पाणी केव्हा बंद करतात?’’

आम्ही कालव्याच्या आवर्तनावर वाढलेली माणसं. पाणी कुणीतरी सोडतं आणि कुणीतरी बंद करतं, आणि ओळख असली तर एक फोन केला की काम होतं, हे आमच्या हाडात आहे. जेट्टीवर जाळं शिवत बसलेली एक म्हातारी हे ऐकत होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘‘वरच्या सायबाला फोन लावा. चंद्र म्हनतात त्याला.’’

ही हिराबाई, नरेशची आई. मी तिला ओळखलं, तिनेही मला ओळखलं. ‘‘शिट्टीवाले भाऊ आले वाटतं,’’ म्हणाली. रोपं लावताना गावातल्या मजूर बायकांच्या रांगा सरळ ठेवायला मी शिट्टी वाजवली होती.

नरेश घरातून आला. नमस्कार केला, आमच्या पिशव्या उचलल्या. दोन वर्षांत केस पांढरे झालेले, पण तसे माझेही झालेत. ‘‘सुकतीला वेळ हाय. जेवून घ्या, मग चिखल दिसंल,’’ एवढंच म्हणाला. ज्यांनी कामावरून काढलं आणि वर छापून वाटलं, ते अंगणात आले तर त्यांना जेवायला वाढायचं, ही तिकडची रीत. आमच्याकडेही ती रीत आहे, पण आम्ही वाढताना निदान ताट आपटलं असतं.

अण्णा शाकाहारी, त्यांना वालाचं बिरडं. मला तांदळाची भाकरी आणि तिसऱ्यांचं कालवण. नाशकात मासे म्हणजे बर्फातून आलेली गोष्ट. ही चव मला ठाऊक नव्हती. ओलं खोबरं, कोकम, आणि शिंपलीत बसलेला तो नखाएवढा गोडसर तुकडा. मी मनापासून म्हणालो, ‘‘मावशी, तिसऱ्या फार ताज्या आहेत.’’

‘‘काय म्हाईत. बाजारातनं आनल्यात.’’

‘‘इथल्या नाहीत?’’

‘‘इथं कुठं?’’ तिने जेट्टीकडे हनुवटी केली. ‘‘माझी अख्खी जिंदगी त्या चिखलात गेली. टोपली घेऊन गेलं का दोन वेळचं कालवण न् बाजारापुरतं हाती लागायचं. आता तिथं तुमची बाग हाय.’’

अण्णांनी बिरड्यातून मान वर केली. ‘‘मावशी, मग लावताना का नाही बोललात? तुम्हीच तर लावत होता!’’

‘‘इचारलं कुनी?’’ हिराबाईला हसू आलं. ‘‘न् मजुरी देत होता ना. ती सोडू व्हय? मनात म्हनलं, शहरातली मानसं हायत, हौस फिटंल. एका उधानात जाईल सगळं वाहून, चिखल आपला आपल्याला. पन तुमी एकेका काडीला बांबू दिला, न् वर ती काळी नळी गुंडाळून अशी गाठ मारली का दर्यालाबी सुटंना. कुनाचं डोस्कं ते?’’

डोस्कं माझं. द्राक्षाच्या नव्या वेलाला आम्ही बांबूचा आधार देऊन ठिबकच्या नळीच्या तुकड्याने बांधतो, म्हणजे वारा आला तरी वेल हलत नाही. नळी माझ्या दुकानातली, चांगल्या प्रतीची. मी भाकरी मोडत राहिलो.

दुपार कलली तसं पाणी मागे हटू लागलं. आधी बांबूंची टोकं दिसली, मग बांबू, मग सगळी बाग. मेलेल्या काड्या, त्यांवर कालवांचे पांढरे खपले, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एका बांबूला चप्पल, एकाला फाटकं जाळं. ओळी मात्र अजून सरळ होत्या. धंद्याचा अभिमान म्हणून सांगत नाही, पण एका टोकाला उभं राहिलं तर शेवटपर्यंत एकच काडी दिसत होती.

या बागेपलीकडे उरलेला चिखल होता, म्हणजे आमचा दुसरा टप्पा. आणि तो रिकामा नव्हता. हे मला पहिल्या खेपेला दिसलं कसं नाही कोण जाणे. बहुतेक मी तेव्हा फक्त जमीन बघत होतो. छोटे चिखल्या पक्षी भराभर पळत, थांबत, टोच मारत, पुन्हा पळत होते. एक लांब वाकड्या चोचीचा पक्षी, त्याला कुरल म्हणतात, ती चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून खेकडा ओढत होता. निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटत चालणारे मासे, डोळे वर काढून इकडेतिकडे पळत होते. नांदूरमध्यमेश्वरला दुर्बिणीतून जे बघायला आम्ही पहाटे उठून जातो, ते इथे पन्नास पावलांवर. पण बांबूंच्या ओळी सुरू झाल्या तिथे पक्षी संपत होते. कापून काढल्यासारखे. उघड्यावर चरणारी पाखरं ती. आडोशात कोण दबा धरून बसलंय दिसत नाही, तिथे ती उतरत नाहीत.

‘‘हे बांबू काढले तर, नरेश?’’ मी हळूच विचारलं.

‘‘कांदळाचं कायबी असलं, मेलेलं असलं, तरी वनखात्याची परवानगी लागते, भाऊ. आमी हात लावला तर आमच्यावर केस.’’

म्हणजे जिवंत चिखलात ते खुपसताना टाळ्या, आणि मेल्यावर उपसायला अर्ज.

अण्णा मात्र दुसऱ्याच विचारात होते. त्यांनी मेलेली बाग डोळे भरून पाहिली आणि अंगणात परत आल्यावर, हिराबाई समोर बसलेली असताना, नरेशला उभं केलं.

‘‘नरेश, मी तुला वडीलधाऱ्यासारखं बोलतो. राग मानू नकोस. एवढी रोपं आम्ही तुझ्या भरवशावर सोडून गेलो. लेकरांसारखी जपायची होती. आता दुसरा टप्पा आहे, तेव्हा खरं सांग. कुठे चुकलं?’’

नरेशने अण्णांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, वाट बघावी तसं. मग म्हणाला, ‘‘सुभाषभाऊ सांगतील. आखनीला तेच होते.’’

त्याने दार उघडून धरलं होतं. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. कोंबडी अंगणात टोचत होती, हिराबाईचं जाळं शिवणं थांबलं होतं, अण्णा माझ्याकडे प्रेमाने बघत होते.

मी म्हणालो, ‘‘अण्णा, उजेड आहे तोवर बांधामागची जागा बघून घेऊ या का?’’

हिराबाईने पुन्हा जाळं शिवायला घेतलं.

बांधामागे

वाट अजून तितकीच निसरडी होती. अण्णा काठी टेकत, एक हात मागे माझ्या हातात देऊन, सबंध वाट बोलत चालले. पुढे नरेश. आमच्या दोघांच्या मध्ये अण्णा, म्हणून मी नशिबाचे आभार मानत होतो. तरी एका वळणावर अण्णा दम खायला टेकले आणि नरेश माझ्याजवळ आला.

‘‘भाऊ, मला मंडळाचं काम परत नको. गावच्या कांदळवन समितीनं पर्यटकांना पाखरं दाखवायला होडी काढलीय. होडी चालवायला मानूस पायजे. खाडी मला पाठ हाय. पन समितीवाले म्हनतात, मंडळाची रोपं ज्यानं मारली त्याला पाखरांच्या होडीवर कसा ठेवायचा?’’

‘‘तू सांगितलं नाहीस, की जागा...’’

‘‘सांगितलं ना. म्हनाले, कागदावर छापलंय ते खोटं, न् तू खरा? तुमीच एकदा बोलून टाका.’’

‘‘बघू,’’ मी म्हणालो. मराठीत यापेक्षा सोयीचा शब्द नाही.

बांधावर चढलो आणि थबकलो. गेल्या पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणात ती बुजलेली उघाडी स्वतःच फुटली होती. दुरुस्तीला कुणी आलं नाही, कारण आत पिकत काहीच नव्हतं. त्या भगदाडातून रोज खारं पाणी आत जात होतं आणि बाहेर येत होतं, आणि जो मांडीभर काळा गाळ पाहून मी पळालो होतो, त्यावर आता हिरवं पसरलं होतं. घोट्याएवढी, गुडघ्याएवढी तिवराची रोपं. कुठे दाटीवाटीने, कुठे एकटी, कुठे पाण्याच्या वळणाबरोबर वळलेली. एक ओळ सरळ नव्हती. मधल्या पाण्यात बोटाएवढ्या माशांची पिल्लं झुंडीने फिरत होती, आणि एक बगळा त्यांच्यावर नजर लावून आमच्या मंडळाच्या खजिनदारासारखा निश्चल उभा होता.

‘‘हे कुणी लावलं?’’ अण्णा.

‘‘कुनी नाय,’’ नरेश म्हणाला. ‘‘पानी आलं, न् बी आलं.’’

‘‘कुणी नाही कसं? एवढं सगळं?’’ अण्णांना ते पटेना. कार्यक्रमाशिवाय झाड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. ‘‘आणि ओळ कुठे आहे? हे तर रान आहे. असो. सुभाष, चल, सुकती आहे तोवर जेट्टीकडच्या चिखलात खुंट्या मारून घेऊ. पुढच्या आठवड्यात रोपं येतायत.’’

माझ्या डोळ्यांपुढे ते पळणारे चिखल्या आले, आणि ती वाकडी चोच. आणि हिराबाईची टोपली, जी आता तिसऱ्या विकत घ्यायला बाजारात जाते. आता बोलायचं होतं. सत्य एका वाक्यात सांगून होत होतं: अण्णा, तो चिखल रिकामा नाही, पहिल्या वेळीही नव्हता, जागा मी बदलली. ते वाक्य ओठापर्यंत आलं, आणि बाहेर पडलं ते हे:

‘‘अण्णा, ही आपलीच रोपं आहेत.’’

‘‘काय?’’

‘‘म्हणजे आपल्या रोपांचं बी. जेट्टीवरून भरतीने वाहून इथे आलं. ही दुसरी पिढी आहे. दुसरा टप्पा झालेलाच आहे, अण्णा. वेगळा करायची गरज नाही.’’

याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही. आम्ही लावलं होतं कांदळ आणि हे होतं तिवर, खाडीतलंच पण वेगळ्या जातीचं झाड. शिवाय वर्षाच्या आत मेलेल्या काड्यांना बी कुठलं? अंगणात वाळून गेलेल्या आंब्याच्या रोपामुळे परसात चिंचेचं बन उगवलं, असं म्हणण्यासारखं होतं ते. पण आमच्या मंडळाला झाडाची जात ओळखून काय करायचंय? नरेश माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर, खोटं का सांगू, थोडं कौतुकही होतं.

अण्णांचे डोळे भरून आले. ‘‘सुभाष! म्हणजे आपलं यश इकडे लपलं होतं! आणि आपण तिकडे मेलेल्या काड्या बघत रडत बसलो!’’ तिथल्या तिथे त्यांनी रोपवाटिकेला फोन लावून रोपं रद्द केली. फलक उघडला. नव्या गुडघ्यासकट अण्णा गाळात उतरले, आणि नरेशने त्यांचा फोटो काढला. मागे तिवर, पुढे मंडळ.

अशा रीतीने जेट्टीकडचा उरलेला चिखल वाचला. त्याच्या वतीने कुणी माझे आभार मानले नाहीत ते योग्यच आहे.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी अण्णा डिकीकडे गेले तेव्हाच मला कळायला हवं होतं. शाल आणि नारळ घेऊन ते अंगणात आले. आजूबाजूच्या चार माणसांना हाक मारून बोलावलं. त्यात समितीचे एक गृहस्थही होते, दात घासत आलेले.

‘‘मंडळी,’’ अण्णा म्हणाले, ‘‘चूक माणसाकडूनच होते. नरेशच्या हातून हलगर्जी झाली, रोपं गेली. पण निसर्गाने भरून काढलं. आमची दुसरी पिढी बांधामागे डोलतेय. तेव्हा झालं गेलं खाडीला मिळालं. आज मी मंडळाच्या वतीने नरेशला माफ करतो.’’

आणि त्याच्या खांद्यावर शाल घातली. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. मी पण. हात आपोआप गेले, सवयीचे आहेत. समितीचे गृहस्थ ब्रश तोंडातून काढून म्हणाले, ‘‘चला, निदान कबूल झालं.’’ नारळ हिराबाईच्या हातात गेला. तिने तो कानाशी हलवून पाहिला आणि म्हणाली, ‘‘पानी हाय ह्याच्यात. तेवढं तरी खरं हाय.’’ आणि घरात गेली.

अण्णा गाडी वळवत होते तेवढ्यात नरेश माझ्या खिडकीशी आला. उन्हं चढली होती आणि ती शाल अजून त्याच्या खांद्यावर होती. काढावी की ठेवावी त्याला कळत नसावं.

‘‘भाऊ, आधी निदान मी म्हनत होतो का मी केलं नाय. आता माफी मिळाली. म्हंजे केलंच होतं, असं झालं ना?’’

‘‘तसं नाही रे...’’

‘‘मग कसं?’’

गाडी सुटली. जव्हारपर्यंत अण्णा गात होते. त्यांनी विचारलं, ‘‘एवढा गप्प का?’’ मी म्हणालो, ‘‘तिसऱ्या बाधल्या बहुतेक.’’ घाट चढून वर आलो, कोरडी हवा लागली, ओळखीच्या उघड्याबोडक्या टेकड्या दिसायला लागल्या. अण्णांनी एकीकडे बोट दाखवून म्हटलं, ‘‘ती बघ, अजून रिकामी आहे.’’

त्या टेकडीवर गवत होतं. मी या वेळी नीट पाहिलं. गवतात काय असेल ते मला माहीत नाही.

परत आल्यापासून अण्णांनी बांधामागचा फोटो सगळ्यांना पाठवलाय आणि सगळ्यांनी हात जोडलेत. नरेशला होडी मिळाली नाही. मी एकदा फोन केला तेव्हा त्याने ते सांगितलं आणि तिकडे पाखरं अजून आहेत, एवढं जोडलं. 

हे लिहून झालं म्हणजे सांगून झालं असं होत नाही, हे मला कळतं. लिहिताना समोर कुणी बसलेलं नसतं.

मी देणं लागतो ते असं. नरेशच्या गावात, समितीसमोर, हिराबाई आणि अण्णा दोघंही बसलेले असताना, उभं राहून माझ्या तोंडाने म्हणायचं आहे की जागा मी बदलली, बाईंचं नाव मी खोटं घेतलं, रोपं माझ्यामुळे मेली, नरेशचा काही दोष नव्हता, आणि बांधामागचं रान आमचं नाही. त्यानंतर परवानगीचा अर्ज माझ्या नावाने करून ते बांबू मी स्वतः उपसायचे आहेत. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.